बावीस सह्या

माइक माझ्या हनुवटीपर्यंत खाली ओढत नंदूभाऊ कानाशी म्हणाले, "पाच मिनिटं. सहावं लागलं की मी खोकणार."

आदल्या पाचही गावांत ते हेच म्हणाले होते आणि एकदाही खोकले नव्हते. मी बोलायला लागले की पारावरच्या म्हाताऱ्यांचं तंबाखू मळणं थांबायचं, हे त्यांनाही दिसत होतं आणि मला तर फारच दिसत होतं.

"नमस्कार. मी अनुजा धामणस्कर, वेळशीची, इयत्ता आठवी. माझं एक पत्र विधानसभेत गेलं. टपालानं नाही गेलं. आमदारांच्या तोंडून गेलं."

इथे हशा आणि टाळ्या. हे वाक्य मला तिसऱ्या गावात सुचलं होतं, तेव्हापासून ते मी कुठेही सोडलं नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट, गणपती नुकतेच गेले होते तेव्हाची. निवडणूक तोंडावर होती, आचारसंहिता आज लागते की उद्या असं चाललं होतं. ती लागायच्या आत आमच्या आमदार विभाताई मयेकर गावोगाव जाऊन आपला पाच वर्षांचा कार्यअहवाल वाटत होत्या. बत्तीस पानी गुळगुळीत पुस्तिका. दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरांत : सभागृहातली उपस्थिती एक्क्याण्णव टक्के, विचारलेले प्रश्न तीनशे चौदा, लक्षवेधी सूचना सत्तावीस, मांडलेली अशासकीय विधेयकं तीन. मला ते पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि अकराव्या पानावर मी. ताईंचा हात माझ्या खांद्यावर, माझ्या हातात माझं पत्र, वर मथळा : 'विद्यार्थिनीचा आवाज सभागृहात'.

ते पत्र सातवीत लिहिलं होतं. ठसाळे बाईंनी पत्रलेखनाचा तास घेतला, विनंतिपत्र लिहा म्हणाल्या. अख्ख्या वर्गाला एकाच वेळी ताप आला आणि सगळ्यांनी मुख्याध्यापकांकडे रजा मागितली. मी आमदारांना साकवाबद्दल लिहिलं. मला काही समाजसेवा सुचली नव्हती. माझ्या बाकावरची शेजारची जागा जुलै-ऑगस्टात रिकामी असायची, त्याचा मला कंटाळा आला होता.

ती जागा श्रुतिका गोताडची. गोताडवाडी पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा, उन्हाळ्यात त्यात बेडूकसुद्धा बुडत नाही आणि पावसाळ्यात म्हैस वाहून जाते. चौथीपर्यंतची शाळा वाडीतच आहे, पाचवीपासून अलीकडे यावं लागतं. पऱ्यात सिमेंटचे दोन खांब तीन वर्षं उभे होते. साकव म्हणून जो छोटा पूल व्हायचा होता तो तिथेच थांबलेला. वर आडवं काही नाही, खांबांवर बगळे बसायचे. लोक पोफळीची दोन खोडं टाकून जा-ये करत, ती पहिल्या मोठ्या लोंढ्यात जात. श्रुतिकाचं एक वर्ष त्या पऱ्यानं आधीच खाल्लं होतं, म्हणून माझ्याहून वर्षानं मोठी असून ती माझ्या वर्गात होती.

तिच्या आईनं मला समोर बसवून सांगितलं होतं, "एवढे पावसाळे जीव मुठीत धरून काढले गो मी. आठवी होईपर्यंत बघतंय. साकव झाला तर झाला. नायतर ही कळंबोलीला मावशीकडे. तिचं पोळीभाजी केंद्र हाय, हाताला हात होईल."

"आणि शाळा?"

"शाळा काय, तुमच्या बाजूला हाय," ती म्हणाली.

तर पत्र गेलं, ठसाळे बाईंनी स्वतः पाकिटात घालून टाकलं. मार्चमध्ये शाळेत फोन आला. अधिवेशनात प्रश्न दिला गेला होता, ताईंच्या नावानं, पण आतली वाक्यं माझी. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. तोपर्यंत मी हजेरीला उंदरासारखं 'हजर' म्हणणारी मुलगी होते. ताईंनी मला कार्यालयात बोलावलं, माझं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "मान वर कर. लोकांना तुझा भांग नाही बघायचा." त्या दिवशी मी मान वर केली ती आजतागायत खाली आली नाही असं आई म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही.

एप्रिलमध्ये बांधकामवाले एक साहेब शाळेत येऊन आमच्या सह्यासुद्धा घेऊन गेले. लाभार्थी विद्यार्थिनी, बावीस. सह्या गोळा करायचं काम बाईंनी मलाच दिलं. मग मी प्रत्येक गावात भाषणात सांगायचे, "पत्र गेलं, प्रश्न झाला, साहेब आले, बावीस सह्या झाल्या. आता साकव व्हायचं काय राहिलंय? फक्त व्हायचंच राहिलंय." पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या.

त्या दिवशी सहावं गाव आटोपलं आणि आम्ही जीपमध्ये बसलो. सातवं आणि शेवटचं गाव वेळशी, माझं. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई, डोळे मिटून, पायातल्या चपला काढलेल्या. पाय सुजले होते. घसा बसला होता, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. मागे पुस्तिकांच्या गठ्ठ्यांमध्ये मी आणि नंदूभाऊ. नंदूभाऊ म्हणजे ताईंचे स्वीय सहायक. ताईंच्या चष्म्यापासून विधेयकापर्यंत सगळं त्यांच्या पिशवीत असायचं.

"भाऊ," मी म्हटलं, "माझा प्रश्न छापून आलाय ना? मला तो बघायचाय. त्याची झेरॉक्स काढून मी फ्रेम करणार आहे."

"फ्रेम कर, हार घाल," ते हसत म्हणाले. "तुझा आजचा दिवसच आहे तसा. उद्या-परवा आचारसंहिता लागेल, मग तुला स्टेजवर घेता यायचं नाही. अठराच्या आतलं मूल प्रचारात दिसलं की नोटीस येते."

त्यांनी पायाखालच्या खोक्यातून छापील कागदांचा एक गठ्ठा काढला. प्रश्नोत्तरांची यादी. अंगठा ओला करून पानं उलटली आणि एक पान दोऱ्यातून ओढून माझ्या मांडीवर ठेवलं.

माझं वाक्य मला लगेच सापडलं. 'पावसाळ्यात शाळकरी मुलींना शाळेत जाता येत नाही, हे खरे आहे काय?' 'हे खरे आहे काय' तेवढं त्यांचं, बाकी माझं. मी ते तीनदा वाचलं. अंगावर काटा आला, खरंच आला. मग सहज नजर खाली गेली. खाली उत्तर होतं.

'(१) हे खरे नाही. सदर साकवाचे काम पूर्ण झाले असून तो वापरात आहे. लाभार्थी विद्यार्थिनींच्या स्वाक्षऱ्यांसह तसा पंचनामा करण्यात आला आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.'

गाडी खड्ड्यातून गेली, पान हातातून निसटलं, मी ते उचललं आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

"भाऊ, हे काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "उत्तर."

"पण हे खोटं आहे. साकव झालेला नाही."

"तू खालचं पण वाचलंस होय," ते म्हणाले. नैवेद्य दाखवायच्या आधी मी मोदक खाल्ल्यासारखं.

"तुम्ही वाचलं नव्हतं?"

"तीनशे चौदा प्रश्न आहेत, बाळा. त्यातले सभागृहात तोंडी उत्तराला किती येतात? हाताच्या बोटांवर मोज. उरलेल्यांची उत्तरं अशी छापून येतात, गठ्ठ्यानं. प्रश्न मोजतात लोक. पेपरवाले प्रश्न मोजतात, विरोधक प्रश्न मोजतात. उत्तरं कोण मोजतं?"

पुढून ताईंचा बसका आवाज आला. "इकडे दे ते."

मी पान पुढे केलं. ताईंनी चष्म्यासाठी मागे हात केला, नंदूभाऊंनी चष्मा दिला. ताईंनी ते दोनदा वाचलं. मला मागून त्यांची मान तेवढी दिसत होती.

"हे केव्हा आलं, नंदू?"

"ऑगस्टात."

"मला दाखवलं नाहीस."

"ताई, अहवालाची घाई होती. तुम्हीच म्हणालात, नुसते आकडे दे."

ताईंनी पानावर बोट ठेवून विचारलं, "अनुजा, ह्या सह्या?"

"आमच्याच आहेत."

"वाचून केल्या होत्यात?"

"वर काही नव्हतंच," मी म्हटलं. तेव्हा मला ते कागद पुन्हा दिसले. फुलस्केप, वरचा अर्धा कोरा. साहेब म्हणाले होते, वरचा मजकूर ऑफिसात टाइप होईल, तुम्ही खालून सुरुवात करा, साकवाच्या कामासाठी लागतं. पहिली सही माझी. मी ती लांब शेपूट काढून केली होती, कारण तेव्हा मी नुकतीच सही करायला शिकले होते. आणि प्रत्येक सहीपुढे मुलीचं पूर्ण नाव आणि वर्ग मी माझ्या अक्षरात लिहिला होता, नीट दिसावं म्हणून.

"आता मी उभी राहून पंचनामा खोटा आहे म्हटलं," ताई हळू म्हणाल्या, "तर पहिला जबाब कोणाचा घेतील?"

नंदूभाऊंनी नुसती हनुवटी माझ्याकडे केली.

मला आमच्या ओटीवर पोलीस दिसले. आई ब्लाउज शिवते, तिचं मशिन थांबलेलं दिसलं.

"मी तुला घाबरवत नाहीये," ताई म्हणाल्या. आता त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. "जे आहे ते सांगतेय. आज वेळशीत तू हे बोललीस तर लोक मला विचारतील. मी काय सांगू? तीनशे चौदातलं हे एक उत्तर मी वाचलं नाही? मग लोक म्हणतील, उरलेल्या तीनशे तेरांचं काय? आणि ते बरोबरच विचारतील. मी तीन विधेयकं मांडली, त्यातलं एकही पास झालं नाही, तेही त्या पुस्तिकेत कुठे लिहिलंय? मांडली, एवढंच लिहिलंय."

"ताई," नंदूभाऊ म्हणाले, "घशाला त्रास होतोय."

"होऊ दे." मग मला म्हणाल्या, "निवडून आले तर पहिलं पत्र ह्याचंच."

"आणि नाही आलात तर?"

"तर हे उत्तर राहील."

असं मला त्याआधी कोणी मोठ्या माणसानं सांगितलं नव्हतं. मला रडू येण्याऐवजी राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

"साकव वगळून बोल," ताई म्हणाल्या. "किंवा बोलूच नकोस. तू ठरव."

"वगळून काय बोलेल?" नंदूभाऊ पुटपुटले. "साकव हेच तर भाषण आहे."

वेळशीत देवळाच्या सभामंडपात माणसं बसली होती. चार वाजलेले, ऊन तिरपं झालेलं. आई दुसऱ्या रांगेत, लग्नातली जांभळी साडी नेसून. तिच्या मागे श्रुतिका, तिची आई आणि धाकटी बहीण चिनू. श्रुतिकाच्या परकराचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता. ती मला बघून दोन्ही हात वर करून हलवत होती, मी परदेशातून आल्यासारखी.

नंदूभाऊंनी माइक खाली ओढला. पाच मिनिटांचं काही बोलले नाहीत.

मी सुरू झाले आणि वाईट गोष्ट ही की मी त्या दिवशी सगळ्यात छान बोलले. नमस्कार, पत्र, टपालानं नाही, आमदारांच्या तोंडून. आपलं गाव, आपली माणसं, त्यामुळे हशा दुप्पट. उपस्थिती एक्क्याण्णव टक्के. प्रश्न तीनशे चौदा. मी श्रुतिकाकडे न बघता बोलत होते आणि बघत नाही हे मला सारखं कळत होतं. फ्रॉकच्या खिशात ते पान होतं. ताईंनी गाडीतून उतरताना ते मला परत दिलं होतं, का ते मला अजून नीट सांगता येत नाही. हात खिशात घातला की त्याचा कोपरा बोटाला टोचायचा.

साकवाशी आले. 'बावीस सह्या झाल्या' हे वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. मी थांबले. लोकांना वाटलं मी परिणामासाठी थांबले, कारण मी थांबत असे.

"ताईंनी प्रश्न विचारला," मी म्हटलं. "सरकारनं उत्तर दिलं."

आणि मी खाली बसले.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. मी वाट बघत राहिले. कोणीतरी उठेल, विचारेल, काय उत्तर दिलं. सरपंच आहेत, ठसाळे बाई आहेत, पेपर वाचणारे दोन गुरुजी आहेत, माझी आई आहे. कोणीच विचारलं नाही. नंदूभाऊंनी सुटकेचा श्वास टाकला तो माइकमधून ऐकू आला. ताई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होत्या.

सभा संपल्यावर श्रुतिकाची आई चिनूला घेऊन पुढे गेली. मी श्रुतिकाबरोबर पऱ्यापर्यंत निघाले. ती माझ्या भाषणाची नक्कल करत होती, हात वर करून, मान वर करून.

मध्येच थांबून म्हणाली, "काय आलं गो उत्तर?"

सगळ्या सभेत तिनेच विचारलं.

मी पान दिलं. ती मोठ्यानं वाचते, तिला मनात वाचता येत नाही. एकेक शब्द करत शेवटपर्यंत गेली. 'वापरात आहे' पाशी थांबली आणि हसली.

"म्हणजे मी रोज साकवावरनं येतंय." तिनं परकराचा ओला काठ पिळला. "कागदावर कोरडी हाय बघ मी."

मला हसता आलं नाही.

"मी तुला म्हटलं होतं, अनू," ती म्हणाली. "वर कोरं हाय, बाबा कोऱ्यावर सही करू नको सांगतात. तेव्हा तू काय म्हणालीस?"

"साकव पाहिजे ना तुला, मग कर."

"हां." तिनं ते चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "आणि मघाशी माइकवर का नाय सांगितलंस?"

"पहिला जबाब माझा घेतील म्हणून."

"आणि दुसरा?"

मी पायानं एक खडा ढकलला.

"माझी पण सही हाय त्यात," ती म्हणाली. "मी इकडेच पाण्यात उभी, आणि तिकडे मीच लिहून दिलंय, साकव झाला म्हणून."

पलीकडून तिच्या आईनं हाक मारली. श्रुतिकानं पानाची घडी घातली, माझ्या हातात ठेवली. "आईला आज नको सांगू. आठवी होईपर्यंत थांबते म्हणालीय ती. तेवढे दिवस तरी राहू दे." मग चपला हातात घेतल्या, परकर खोचला आणि पाण्यात उतरली. दोन खांबांच्या मधून जाताना एका खांबाला हात लावून तोल सावरला. पलीकडे पोचल्यावर तिनं मागे वळून हात केला. मी तिथेच उभी होते.

ताई निवडून आल्या. दोन हजार एकशे चौदा मतांनी. त्यांनी शब्द पाळला, पहिलं पत्र साकवाचंच होतं, मी त्याची प्रत पाहिली आहे. उत्तर आलं : काम पूर्ण, पंचनाम्याची प्रत सोबत. दुसरं पत्र गेलं, तेच उत्तर, प्रत सोबत. ताई वरच्या साहेबांना भेटल्या, साहेबांनी प्रत दाखवली. पुढच्या जूनमध्ये नववीचा वर्ग भरला तेव्हा माझ्या शेजारी दुसरी मुलगी बसली. श्रुतिका कळंबोलीत होती. सुरुवातीला तासाला साठ पोळ्या लाटायची, मग शंभर.

मी भाषणं करत राहिले. थांबले असते तर गोष्टीला शोभलं असतं, पण नाही थांबले. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले, चषक घरी टीव्हीशेजारी ठेवलाय. फक्त 'पत्र टपालानं नाही गेलं' हे वाक्य मी पुन्हा वापरलं नाही.

आता मी बारावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पऱ्याशी गेले होते. तिथे चिनू भेटली. चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल, अलीकडे यावं लागेल. ती खांबावरच्या बगळ्यांना दगड मारत होती.

पुढच्या आठवड्यात मी अर्ज लिहून तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात गेले. एकटी. जबाब घ्यायचा तर घ्या असं मनाशी म्हणत. टेबलाशी एक क्लार्कबाई होत्या, केसात अबोलीचा गजरा.

"मला माझी सही मागे घ्यायची आहे," मी म्हटलं.

"सही मागे घेतात होय?" त्या म्हणाल्या. "ती काय सासुरवाशीण आहे, माहेरी न्यायला?"

मी सगळं सांगितलं. न थांबता, मान वर करून, सहा मिनिटं तरी लागली असतील, आणि कोणी खोकलं नाही. बाईंनी उसासा टाकला, आतल्या कपाटातून फाइल काढायला अर्धा तास घेतला आणि ती माझ्यासमोर उघडली. पंचनामा. वरच्या अर्ध्या भागात टाइप केलेला मजकूर, खाली माझी शेपटाची सही. बाईंनी मजकूर वाचला. मग बोट खाली आणत एकेक नाव वाचायला लागल्या आणि तिसऱ्या नावाशी बोट थांबलं.

"हे 'इयत्ता सातवी ब' कोणी लिहिलंय?"

"मी. सगळ्यांपुढे मीच लिहिलं. नीट दिसावं म्हणून."

"म्हणजे वय काय होतं तुमचं?"

"बारा. कोणी तेरा."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, बारा वर्षांची पोरं पंच? पंच सज्ञान लागतो. हा पंचनामा होतच नाही." त्या आतल्या केबिनकडे वळून म्हणाल्या, "साहेब, हे बघितलंत? बावीसच्या बावीस सातवी ब." मग माझ्याकडे बघून जरा हळू, "चार वर्षांत हा कोणी वाचलाच नाही वाटतं."

मला जीप आठवली. अठराच्या आतलं मूल स्टेजवर चढवता येत नाही, हे मला सांगणारे नंदूभाऊ माझ्या शेजारीच बसले होते, आणि विद्यार्थिनींच्या सह्यांचं ते उत्तर त्यांच्याच खोक्यात होतं.

बाईंनी मला नवा अर्ज करायला लावला. मागे घेण्याचा नाही, पुन्हा पाहणी करण्याचा. "गावातल्या सज्ञान माणसांच्या सह्या आण," त्या म्हणाल्या, "दोन तरी. पलीकडच्या वाडीतल्या असतील तर उत्तम." अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. बाहेर पायऱ्यांवर बसून मी कळंबोलीला फोन लावला.

मागे पोळपाटाचा आवाज येत होता. मी सांगत गेले. पोळपाटाचा आवाज थांबला.

"म्हणजे माझी सही सहीच नव्हती?" तिनं शेवटी विचारलं.

"नव्हती."

"आणि मी उगाच..." मग म्हणाली, "मला गेल्या महिन्यात अठरा पुरी झाली. आता चालते माझी?"

"चालते."

"चिनू जूनला पाचवीत जाईल."

"माहीत आहे."

"पाठव मग कागद." तिनं बहुतेक हात पुसले. "पण आधी वाचून दाखव."

"सगळा?"

"वरपासून," ती म्हणाली. "शिक्क्यासकट."

मी कागद उलगडला आणि वाचायला लागले. माझ्या नेहमीच्या आवाजात नाही. तिच्यासारखं, एकेक शब्द करत.